कुणाला भेटायचं? बायकोला

आमच्या गावात लोकशाहीची चर्चा टेलरच्या दुकानाच्या कट्ट्यावर होते. ग्रामपंचायतीत होत नाही, कारण तिथला पंखा बंद असतो. टेलरच्या कट्ट्यावर दुपारपर्यंत सावली असते आणि वर्तमानपत्र फुकट मिळतं. आम्ही रोजचे तिघं. टेलर स्वतः, एक फौजी आणि मी. टेलर म्हणजे गावातलं मुसलमानाचं जुनं घर. त्याच्या बापानं माझ्या लग्नाचा सदरा शिवला होता, तो पहिल्या दिवसापासून बगलेत घट्ट होता, आणि हे मी टेलरला आजही ऐकवतो. फौजी पलटणीतून पेन्शनीवर आला त्याला जमाना झाला, पण अजून चहासुद्धा हुकूम सोडल्यासारखा मागतो. मी आधी मेंढरं राखली, मग शेत राखलं, आता गुडघे राखतो.

एके दिवशी टेलरनं पेपरातलं वाचून दाखवलं. सांगलीच्या कुठल्याशा कॉलेजात व्याख्यान होतं. विषय असा, की लोकशाहीला मोठा धोका कुणाचा, सरकारचा का कंपन्यांचा?

"त्यात व्याख्यान कशाला पायजे? सरकारचा," टेलर म्हणाला. "रेशन कार्डावर माझं वय चौदा पडलंय. हेलपाटं घालून घालून चपला झिजल्या. चौदाव्या वर्षी चार नातवंडं झालेला आख्ख्या तालुक्यात मी एकटाच आसंन."

"आरं ती चूक हाय, धोका न्हाई," फौजी म्हणाला. "सरकारला पाच वर्सांनी हाकलता तरी येतं. कंपनीला कवा हाकलणार? परवा मोबाईल बंद पडला म्हणून फोन लावला. बाई म्हणती, एक दाबा, दोन दाबा. मी नऊपातुर दाबलं गड्या. आतनं माणूस काय निघाला न्हाई."

"आबा, तुमी बोला की," टेलर मला म्हणाला.

मी म्हणालो, "मला काय कळतंय? तुमी भांडा, मी ऐकतो."

मला खरंच वाटत होतं की हे भांडण माझं नाही. माझी लेक वाईला दिली आहे, तिथं ती शाळेत शिकवते. पुढं जे झालं ते मी तिला फोनवर सांगायला लागलो की ती हसायची, मग नाक ओढायची, मग परत हसायची. शेवटी म्हणाली, "आबा, हे वहीत लिहून काढा." मी दुसरीतून शाळा सोडलेला माणूस. पण ती मास्तरीण आहे, ऐकावं लागतं. म्हणून लिहितो.

सुरुवात बायकोपासून करावी लागेल, कारण माझं सगळं तिथूनच सुरू होतं.

ती चौथी पास. आमच्या घरात शिकलेलं माणूस तीच. लग्न झालं तेव्हा दुसरीतलं सगळं विसरून मला अंगठा यायचा फक्त. तिला त्याची लाज वाटायची. पावसाळ्यात मेंढरं घेऊन गावी आलो की ती मला कॅलेंडरच्या पाठीमागं सही गिरवायला लावायची. एक अख्खं वर्षाचं कॅलेंडर गेलं, तेव्हा माझी सही बसली. मग मी त्यात माझ्या मनानं भर घातली. खाली एक रेघ, आणि रेघेखाली दोन टिंबं. तालुक्याचा साहेब करत नाही अशी सही.

तेव्हापासून मला सही करायची हौसच लागली. सोसायटीत, बँकेत, लग्नाच्या आहेराच्या वहीत, जिथं म्हणाल तिथं. लोक पंच म्हणून, साक्षीदार म्हणून मलाच बोलवायचे. मी सदऱ्याला पेन लावूनच हिंडायचो. ती मागून ओरडायची, "आवं, वाचा की आदी! सही काय पळून जाती का?" मी वाचायचं नाटक करायचो. मला वाचायला यायचं, पण बोट लावून, एकेक अक्षर. लोकांसमोर बोट लावायची लाज वाटायची. सही मात्र झोकात यायची. म्हणून मी वाचन तिच्यावर सोडलं होतं. घरात येणारा कागद आधी तिच्या चष्म्याखालून जायचा, मग माझ्या पेनाखाली. आमचा संसार असा चालला.

दोन वर्षांमागं ती गेली. मिरजेच्या दवाखान्यात नेली, आठ दिवस ठेवली, आणली ती तशीच आणली. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

आता आमच्याकडं राख नदीत सोडत नाहीत. खड्डा काढायचा, राख त्यात घालायची आणि वर झाड लावायचं, अशी नवी पद्धत पडली आहे. बरी आहे. सगळ्यांनी आपापल्या शेतात लावली, मी मात्र गायरानात लावली. गायरान म्हणजे गावाची चराईची जमीन, सगळ्यांची. तिथल्या एका उंचवट्यावर बसून तिनं चाळीस वर्षं मेंढरं सांभाळली. तिथं सावली म्हणून काय नव्हती. ती नेहमी म्हणायची, "हितं एक लिंब पायजे हुता." मग मी तिच्या राखेत लिंबच लावला. रोज सकाळी पाच लिटरचं कॅन घेऊन जायचो. पाणी घालायचो, थोडं बसायचो, गावातली खबरबात सांगायचो. कुणी बघितलं तर गप्प बसायचो.

आता माझी चूक सांगतो. लपवून उपयोग नाही, सगळ्या गावाला ठाऊक आहे.

आमच्याकडं ग्रामसभेला माणसं येत नाहीत. माणसं नसली तर सभा भरत नाही. म्हणून पंचायतीचा शिपाई सभेच्या आदल्या दिवशी, नाहीतर दुसऱ्या दिवशी, रजिस्टर काखेत मारून घरोघर फिरतो आणि सह्या गोळा करतो. म्हणजे आमच्या गावात सभा माणसांकडं येते. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. उलट घरी न आला तर लोक रागावतात, आम्हाला वगळलं म्हणून.

ती गेल्यावर सहाएक महिन्यांनी शिपाई असाच आला. त्या दिवशी सकाळपासून माझ्याशी कुणी एक शब्द बोललं नव्हतं. मी त्याला बसवला. चहा केला. मी केलेला चहा कसा असतो ते मला ठाऊक आहे, पण तो प्याला बिचारा. मी त्याला पावसाचं विचारलं, पोराबाळांचं विचारलं, म्हशीचं विचारलं. त्याच्याकडं म्हैस नाही, तरी विचारलं. तो उठायला लागला की मी दुसरं काहीतरी काढायचो. शेवटी तो म्हणाला, "आबा, एवढी सही द्या, जातो."

मी सही केली. रेघ मारली, दोन टिंबं दिली.

"आन् एक हितं बी करा," तो म्हणाला. "मानाची जागा हाय, वर."

मानाची जागा म्हटल्यावर मी जरा मोठी सही केली. वाचलं नाही. चष्मा तिचा होता, तो फळीवर होता. तेवढ्यात शिपाई उठून गेला तर घर परत मोकळं होईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी विचारलं, "अजून कुठं करायची हाय का?" तो म्हणाला, "बास."

पुढं काही महिन्यांनी गायरानात गाड्या आल्या. खांब रोवले, तारेचं कुंपण केलं आणि आत काचा मांडल्या. उन्हावर वीज करणाऱ्या काचा. योजना सरकारची, चालवणार कंपनी. गावाला त्याचं वाईट वाटलं नाही, वीज कुणाला नको आहे? मलाही वाटलं नाही. एक दिवस सकाळी कॅन घेऊन गेलो तर वाटेत गेट. गेटवर निळ्या कपड्यातला वॉचमन. बघतो तर हा आमच्याच आळीतला. माझ्याबरोबर दहा वर्षं मेंढरं राखलेला माणूस. त्याला पायात काटा मोडला होता तेव्हा मी पाठीवर घेऊन दोन कोस चाललो होतो.

"कोण पायजे?" त्यानं मला विचारलं.

मी मागं वळून बघितलं. मला वाटलं, मागं कुणी आहे.

"आरं मी हाय."

"ते मला दिसतंय आबा. पर इचारायला लागतं. वर कॅमेरा हाय." मग तो हळूच म्हणाला, "आय-कार्ड दावल्यागत करा."

त्यानं रजिस्टर पुढं केलं. नाव, गाव, आत गेल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ, कुणाला भेटायचं, कशासाठी. रजिस्टर दिसलं की माझा हात आपोआप पेनाकडं जातो. मी 'कुणाला भेटायचं'पुढं लिहिलं, बायकोला. 'कशासाठी'पुढं लिहिलं, पाणी.

त्यानं वाचलं. "आसं चालंल का न्हाई, मला म्हाईत न्हाई," तो म्हणाला.

"मग काय लिहू? साहेबाला?"

"ऱ्हाऊ द्या."

मग त्यानं पिवळं हेल्मेट काढलं. आत जायचं तर हेल्मेट घालावंच लागतं. मी जन्मात पटका उतरवून बाहेर पडलेलो नाही. पटक्यावर हेल्मेट बसेना. आम्ही दोघांनी दाबून बघितलं. शेवटी पटका त्याच्या खुर्चीवर ठेवला आणि हेल्मेट घालून बायकोला भेटायला गेलो. पन्नास वर्षांच्या संसारात तिनं मला अशा अवतारात बघितलं नव्हतं. बरं झालं, लिंबाला हसता येत नाही.

असे सात-आठ महिने गेले. मला सवय झाली. काचा धुवायला दर आठवड्याला टँकर यायचा. मी पाच लिटरचं कॅन घेऊन तारेच्या आत चाललोय आणि शेजारी हजारो लिटर पाण्यानं काचांची आंघोळ चालली आहे, असा तो देखावा. आटपाडीकडच्या दुष्काळात आम्ही एका बादलीत चार माणसं आंघोळ केलेली. पण काचा स्वच्छ लागतात म्हणे. असतील.

मग एक दिवस कंपनीचा साहेब लिंबापाशी उभा दिसला. पुण्याचा तरुण माणूस, बोलायला लोण्यासारखा. त्यानं मला प्यायला पाण्याची बाटली दिली. त्याच्या माणसानं टेप लावून लिंब मोजला. माझ्या कमरेएवढा झाला होता.

"काका, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो," साहेब म्हणाला. कुणी असं म्हणालं की मला ताप चढतो. "पण हे झाड वाढणार. वाढलं की सावली पडणार. सावली पडली की या पूर्ण रांगेची वीज कमी होणार. पंधरा दिवसांत आपण ते सन्मानानं काढून दुसरीकडे लावू."

मी म्हणालो, "साहेब, झाड न्ह्याल. खाली हाय ते कसं न्ह्याल?"

"खाली काय आहे?"

मी सांगितलं. त्यानं हेल्मेट काढलं. एवढं मात्र खरं, त्यानं हेल्मेट काढलं. मग परत घातलं आणि म्हणाला, "मला फार वाईट वाटतं, पण जागा सरकारनं दिली आहे. आमच्या हातात काही नाही. तुम्ही तहसीलमधून पत्र आणा, आम्ही लगेच थांबवतो."

कट्ट्यावर येऊन सांगितलं तेव्हा टेलरनं मशीन थांबवली. एरवी तो जनाज्याची खबर आली तरी टीप संपवूनच उठतो. फौजी उठून उभा राहिला. "चला. उद्या तहसील," तो म्हणाला, "सकाळी आठला फॉलीन, हजर ऱ्हा!"

आम्ही तिघं एसटीनं तालुक्याला गेलो. फौजीनं छातीवर पदकं लावली होती. तिथला कारकून संगणकात बघत होता. आम्ही तिघांनी आळीपाळीनं सगळं सांगितलं. त्यानं मान वर केली नाही.

"जागा कंपनीच्या ताब्यात हाय. कंपनीचं पत्र आणा," तो संगणकाला म्हणाला.

"कंपनी म्हणती तुमचं आणा," फौजी म्हणाला.

"मग त्यांनी तसं लिहून द्यायला पायजे."

"ते म्हणत्यात, आमच्या हातात न्हाई."

"मग कुणाच्या हातात हाय?"

"ते इचारायलाच आलोय आमी!" टेलर ओरडला. तेव्हा कुठं त्या माणसानं वर बघितलं. पण पदकांकडं नाही, पदकांच्या मागच्या घड्याळाकडं. दोन वाजले होते. जेवायला गेला.

परत येताना एसटीत दोघं माझ्या दोन बाजूंना बसून भांडत होते. टेलर म्हणे, बघा, सरकार. मान वर करत न्हाई. फौजी म्हणे, आरं पर झाड कोण उपटणार हाय, कारकून का कंपनी? कंपनीनं पाणी पाजून पाजून न्हाई म्हटलं. टेलर म्हणे, निदान पाजलं तरी. मी मध्ये बसून दोघांची कोपरं खात होतो. मला त्या भांडणात काही राम दिसेना. मला एवढंच कळत होतं, की एकानं माझ्याकडं न बघता नाही म्हटलं आणि दुसऱ्यानं माझ्या डोळ्यांत बघून नाही म्हटलं. पंधरातले तीन दिवस गेले होते.

आमच्या वॉचमननं वाट दाखवली. रजिस्टरवर माझी वेळ लिहिता लिहिता, कॅमेऱ्याकडं पाठ करून तो पुटपुटला, "आबा, ग्रामसभेच्या ठरावाबिगर गायरान मिळत न्हाई. ठराव काय झालाय ते बघा. त्यात काय अटी घातल्या आसत्याल."

मला एकदम जोर आला. ठरावात कुणीतरी काहीतरी बदमाशी केली असणार, कुणाचं तरी नाव सापडणार, आणि मग मी त्याला भर पेठेत धरणार. दोघांना घेऊन पंचायतीत गेलो. ग्रामसेवकाला म्हणालो, "वही काढा! ज्यानं कुणी ह्यो ठराव आणला त्याचं तोंड बघायचं हाय मला!"

ग्रामसेवक तरणा आहे, बदलून आलेला. "आबा, खरंच बघायचं आहे?" त्यानं विचारलं.

"बघायचं म्हंजे? आरडून सांगायचं हाय गावाला!"

त्यानं वही काढली आणि वाचायला लागला. मौजे अमुक येथील गायरान, सौर प्रकल्पासाठी, कोणत्याही अटीशिवाय, सर्वानुमते. सूचक म्हणून आमचा सरपंच होता, ते अपेक्षितच होतं. "आणि अनुमोदक," तो म्हणाला, आणि थांबला. वही माझ्याकडं फिरवली.

मोठी सही होती. खाली रेघ. रेघेखाली दोन टिंबं.

सूचक म्हणजे ठराव मांडणारा आणि अनुमोदक म्हणजे त्याला पाठिंबा देणारा, हे फौजीनं मला समजावून सांगितलं. सांगायची गरज नव्हती. टेलर खाली बघत होता, त्याचे खांदे हलत होते. मला वाटलं रडतोय. हसत होता. फौजीनं त्याला दटावलं आणि दटावता दटावता तोही फुटला. ग्रामसेवकसुद्धा वहीच्या आड गेला. मग मीच हसलो. हसता हसता मी खाली बसलो. टेलर माझा दंड धरून मला बाहेर घेऊन आला.

त्यानंतर दोन दिवस मी लिंबाकडं गेलो नाही. तोंड दाखवायला जागा नव्हती. पाणी घालायला वॉचमनला सांगितलं. ती असती तर एवढंच म्हणाली असती, "वाचा की आदी." जास्त काही म्हणाली नसती. तेच अंगाला लागत होतं.

दोन दिवस मी विचार केला. सरकारनं माझ्याकडून सही हिसकावून घेतली नव्हती. कंपनीनं मला दमडी दिली नव्हती. कुणी दम दिला नव्हता. मी चहाच्या कपाबरोबर सही दिली होती, आणि वर विचारलं होतं, अजून कुठं करायची आहे का? त्या व्याख्यानवाल्या माणसाला जाऊन सांगावंसं वाटलं, की बाबा, तुझ्या यादीत दोनच नावं आहेत, तिसरं माझं लिही.

लेकीला फोन केला. ती म्हणाली, "आबा, सहीनं गेलंय ते सहीनंच परत येईल. ग्रामसभा मागा. आणि आईचा चष्मा घेऊन जा."

ग्रामसभा मागायला अर्ज लागतो, अर्जाला गावच्या सह्या लागतात. आम्ही तिघं घरोघर फिरलो. मी प्रत्येक घरी आधी अर्ज वाचून दाखवायचो, बोट लावून, मगच सही घ्यायचो. लोक म्हणायचे, "आबा, द्या हिकडं, करतो की सही. वाचताय कशाला?" मी म्हणायचो, "न्हाई, ऐकायला लागंल." एका घरी चूल विझली माझं वाचून होईपर्यंत. टेलर म्हणाला, "ह्या गतीनं तुमचा लिंब म्हातारपणानं मरंल." पण बायकांनी ऐकलं. तिच्याबरोबर मेंढरं राखलेल्या चार म्हाताऱ्या होत्या, त्यांनी तर दोनदा ऐकलं.

सभा बाराव्या दिवशी भरली. बाराव्या दिवशी! फौजी म्हणाला, पलटणीत सुद्धा एवढं वेळेवर काही होत नाही. आणि सभेला माणसं आली. शिपाई दारात रजिस्टर घेऊन उभा होता आणि गांगरला होता, कारण त्याला घरी जाऊन सह्या घ्यायची सवय. मागं मसालेभाताचं पातेलं ठेवलं होतं, कारण त्याशिवाय एवढी माणसं दीड तास टिकत नाहीत, हे टेलरनं ओळखलं होतं. कंपनीचा साहेबही आला होता, सगळ्यांना नमस्कार करत.

शिपाई माझ्यापुढं आला. "आबा, हजेरीची सही."

"आदी काय लिवलंय ते बघू."

"आवं कायच लिवलेलं न्हाई. कोरं हाय."

"मंग कोऱ्यावर कशी करू?"

सभा हसली. सरपंच म्हणाला, "आबा, आजपातुर तर केलीसा."

"म्हणूनच आज बसलोय हितं," मी म्हणालो.

ग्रामसेवक ठराव लिहायला लागला. मी उठून त्याच्या मागं जाऊन उभा राहिलो आणि तिचा चष्मा डोळ्यांवर चढवला. नंबर मला लागू नाही, अक्षरं घोड्याएवढी दिसतात. पण दिसतात. त्यानं वरतीच लिहून ठेवलं होतं, 'सविस्तर चर्चेअंती सर्वानुमते मंजूर'.

"चर्चा कवा झाली?" मी विचारलं.

"होईल की आबा आता. ते आधी लिहायची पद्धत आहे."

"खोडा."

त्यानं सरपंचाकडं बघितलं. सरपंचानं साहेबाकडं बघितलं. साहेबानं मसालेभाताकडं बघितलं. मागून एका म्हातारीचा आवाज आला, "खोड की रं बाबा, भात गार हुतोय!" त्यानं खोडलं.

मग मी ठराव मांडला. गायरानातला लिंब आहे तिथंच राहील, त्याच्यापर्यंत पायवाट उघडी राहील, आणि त्याची सावली जिथं पडेल तिथल्या काचा कंपनी हलवेल. साहेब उठला. गोड बोलला, विकासाबद्दल बोलला. मग एक म्हातारी उठली आणि तिनं त्याला विचारलं, "लेकरा, तुजी आय हाय का?" तो म्हणाला, आहे. "तिला सावली लागत न्हाई का?" साहेब बसला. मला वाटतं, त्याला उत्तर येत होतं. पण बसला.

"अनुमोदक कोण?" ग्रामसेवकानं विचारलं.

टेलर आणि फौजी एकदम उभे राहिले. आणि तिथंच भांडले.

"मी सीनियर हाय," फौजी म्हणाला.

"बस खाली. भात माज्या घरनं आलाय," टेलर म्हणाला.

"सरकारी कागद हाय, त्यावर माणसाचं वय बरोबर लागतं. तू चौदाचा हाईस. तुला मतदान तरी हाय का?"

सगळी सभा लोळली. शेवटी दोघांचीही नावं लिहिली. तसं चालतं का नाही मला ठाऊक नाही. मी ठराव पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचला, बोट लावून, सगळ्या गावासमोर. जिथं अडलो तिथं अडलो. कुणी हसलं नाही. मग सही केली. लहान केली. हजेरीवरही केली, आता ती कोरी नव्हती.

काचा हलवल्या. सहा काचा, फार नाहीत. लिंब आहे तिथं आहे.

पण गोष्ट इथं संपली असती तर ते आमचं गाव नव्हे. पंधरवड्यानं गेलो तर लिंबाच्या एका बाजूला लोखंडी पाटी: कंपनीच्या पर्यावरण संवर्धन उपक्रमांतर्गत जतन केलेला वृक्ष. मी टेलरला सांगितलं, म्हणजे गावाला कळलं. आठ दिवसांत लिंबाच्या दुसऱ्या बाजूला दुसरी पाटी: ग्रामपंचायतीच्या प्रयत्नांतून व शासनाच्या सहकार्यानं जतन केलेला वृक्ष. ती पहिलीपेक्षा वीतभर उंच. मध्ये माझी बायको, कमरेएवढी. सकाळी एका पाटीची सावली तिच्यावर पडते, दुपारनंतर दुसरीची. काचांवर सावली पडायला नको म्हणून एवढं रामायण झालं आणि शेवटी ऊन कमी पडलं ते लिंबाला.

कट्ट्यावर आता नवीन भांडण आहे. आधी कुठली पाटी उपटायची? टेलर म्हणतो सरकारची, फौजी म्हणतो कंपनीची. मी सांगितलं, दोन्ही उपटायचा ठराव लिहा, वाचून दाखवा, मग सही करतो.

गेट अजून आहे. वॉचमन अजून विचारतो, कोण पायजे. मी रजिस्टर उघडतो, वरचे सगळे रकाने बोट लावून वाचतो, आणि तो कपाळाला हात लावून म्हणतो, "आबा, रोज तेच लिवलेलं आसतंय वं!" असू दे. वाचतो, मग लिहितो, बायकोला. मग पाणी.

कॅन हल्ली मी नेत नाही, गुडघे ऐकत नाहीत. टँकरवाल्याला सांगून ठेवलंय. तो काचा धुताना पाईप जरा इकडं वळवतो. मी हेल्मेट काढतो, त्यात पाणी धरतो आणि लिंबाला घालतो. पाच हेल्मेटं घातली की कॅनएवढं पाणी बरोबर होतं. मग डोकं उघडं ठेवून थोडं बसतो आणि तिला सांगतो, आज काय काय वाचलं ते.